जासूद अजून वाटेत आहे

वयाच्या चौदाव्या वर्षी, साताऱ्यासारख्या गावात राहून, पानिपतावर काय झालं ते मला ठाऊक नव्हतं. खोटं कशाला बोलू, ठाऊक होतं. आमच्या घरी दूध उतू गेलं तरी आई ‘झालं पानिपत’ म्हणायची. पण आमच्या इतिहासाच्या मास्तरांनी वर्गाला तंबी दिली होती, की बातमी येईपर्यंत कुणीही ठाऊक असल्याचं दाखवायचं नाही. आणि बातमी काही केल्या येत नव्हती. संक्रांतीला लढाई जुंपली, रथसप्तमी झाली, शिवरात्रही झाली, तरी इंग्रजी चौथीचा, म्हणजे आताच्या आठवीचा, आमचा वर्ग उत्तरेकडे डोळे लावून बसलेला.

मास्तरांना अख्खी शाळा जासूदमास्तर म्हणायची, जासूद म्हणजे जुन्या काळी बातमी घेऊन येणारा. खरं नाव लिहीत नाही, कारण त्यांचे पुतणे सांगलीला आहेत आणि आपल्या काकांविषयी असलं काही छापलेलं त्यांना कितपत रुचेल, देव जाणे. मास्तर मूळचे वाईचे. उंच, काटकुळे, चालताना कमरेतून पुढे झुकलेले, त्यामुळे उभे असले तरी कुठेतरी निघाल्यासारखे दिसत. काळी टोपी, कोपरावर ठिगळ लावलेला कोट आणि बारा महिने काखेत छत्री. ही छत्री वर्गात भाला व्हायची, नदी व्हायची, तोफेचा गाडाही व्हायची. पावसात मात्र ती उघडत नसे. तिच्या काड्या प्रतापगडाच्या धड्याला मोडल्या होत्या.

बातमी या गोष्टीशी त्यांचं काहीतरी निराळंच नातं होतं. ते दिवस महायुद्धाचे. राजवाड्यापुढच्या चौकात वर्तमानपत्राचा गठ्ठा सुटला की लोक त्यावर तुटून पडत. मास्तरही वर्तमानपत्र घेत, पण घरी नेऊन ठेवून देत आणि आठ दिवस शिळं झाल्यावर वाचत. ताज्या बातमीनं पोट बिघडतं, म्हणत. पत्र आलं तर ते देवाजवळच्या कोनाड्यात जायचं आणि जेवणखाण उरकल्यावर उघडलं जायचं. पोस्टमनला मात्र दारातून तसाच जाऊ देत नसत. त्याला आधी गुळाचा खडा आणि पाणी.

हे पाण्याचं प्रकरण तर त्यांनी व्रतासारखं पाळलं होतं. कुणीही काहीही सांगायला आला, की आधी त्याला पाणी द्यायचं, बसवायचं, आणि मग ‘हं, आता सांग.’ हेडमास्तरांनी बोलावलंय हे सांगायला आलेल्या शिपायालासुद्धा ते बाकावर बसवून पाणी पाजत, आणि तोवर तिकडे हेडमास्तरांचा पारा चढलेला असे. एकदा शेजारचा मुलगा धावत वर्गात आला. मास्तरांनी त्याला तोंड उघडू दिलं नाही. तांब्या पुढे केला, पाठीवरून हात फिरवला, श्वास खाली बसू दिला. मग तो म्हणाला, की मास्तर, तुमच्या कडब्याची गंजी पेटलीय. ती अर्थातच जळून खाक झाली. मास्तरांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. गंजी पुन्हा रचता येते, म्हणाले, धावत आलेल्याचा ऊर फुटला तर काय करायचं. त्यांची गाय पुढचे कितीतरी दिवस शेजाऱ्यांच्या कडब्यावर जगली, आणि शेजाऱ्यांनी ते बोलून दाखवायला कमी केलं नाही.

असा माणूस इतिहास कसा शिकवणार? तर त्यांच्या इतिहासात लढाया, तह, सनावळ्या सगळं होतं, पण ते आपल्या गावाला कळेल तेव्हा कळेल. घोडा जितक्या दिवसांत पोहोचायचा तितक्या दिवसांत बातमी वर्गात पोहोचणार. तोवर बाकीचे धडे, भूगोल, सहामाहीची उजळणी, सगळं चालू. मधूनच एखादा पोरगा विचारी, ‘मास्तर, आलं का काही?’ मास्तर दाराकडे बघत आणि म्हणत, ‘जासूद अजून वाटेत आहे.’

आणि बातमी यायची ती कशी! आधी एखाद्या मुलाला बाजूला घेऊन तयार करत. तो भर तासाला दारात येऊन धापा टाकत उभा राहायचा. मास्तर त्याला पाणी देत. तो घोट घोट पीत असताना आम्ही बाकांवरून पुढे पुढे सरकायचो. पुस्तकात दीड ओळीत उरकलेली गोष्ट आम्ही घशाला कोरड पडेपर्यंत ताणून धरलेली असायची. दुसऱ्या तुकडीची मुलं खिडकीत लोंबकळायची. इतिहासाच्या तासाला खिडकीत गर्दी, हे मी त्यानंतर कुठल्याही शाळेत पाहिलं नाही, आणि मी पुढे जन्मभर शाळांतच नोकरी केली.

‘लढाई कोण जिंकलं ते मेल्यावरसुद्धा कळेल,’ असं ते म्हणत. ‘बातमी यायच्या आधी लोक काय करत होते, ते शोधा. माणसं तिथं सापडतात.’

पानिपतासाठी त्यांनी आम्हा सगळ्यांना त्या काळच्या साताऱ्यातली माणसं वाटून दिली. कुणी कासार, कुणी सावकार, कुणी नालबंद. मला हलवाई केलं. रोज एकानं उठायचं आणि आज आपण काय केलं ते सांगायचं. पानिपताचं नाव काढायचं नाही. मी तिळाच्या लाडवाचा पाक कसा बिघडला ते रंगवून सांगितलं आणि भरपूर हशा घेतला. माझ्या बाकावरच्या भिवाला मास्तरांनी सहज म्हणून काम दिलं, उत्तरेत गेलेल्या शिलेदाराच्या धाकट्या भावाचं.

भिवा माणदेशातला, दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीचा. धनगराचं पोर. साताऱ्याला बोर्डिंगात राहून शिकत होता. अबोल, पण गणितात असा की आम्ही सगळे त्याच्या वहीवर जगायचो. त्याचा थोरला भाऊ पलटणीत होता आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला होता, हे मला ठाऊक होतं. दिवाळीपासून त्याचं कार्ड नव्हतं, हे मला ठाऊक नव्हतं. मास्तरांनाही नव्हतं.

भिवाची पाळी आली. तो उठला आणि खाली बघत म्हणाला, ‘आज म्या मेंढरं चारली. आई वाटंला बसली हुती. कोन आलं न्हाई.’ आणि खाली बसला.

आम्हाला वाटलं, काय काम केलंय पोरानं. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘वा’ही म्हटलं. मास्तरांनी मात्र छत्री काखेत घेतली आणि घंटा व्हायच्या आधीच तास सोडला.

त्याच संध्याकाळी भिवा मला म्हणाला, ‘चल रं माज्यासंगं.’ आम्ही मास्तरांच्या बिऱ्हाडी गेलो. दोन खोल्या, मागे गाय, आणि म्हातारी आई. विधवेच्या तांबड्या आलवणातली ती माउली आम्हाला पाणी आणि गूळ देऊन आत गेली. भिवा पाणी प्यायला आणि मास्तरांना म्हणाला, ‘मास्तर, पानपताची बातमी आनू नका. ती आली की दादाची बी यील, असं वाटतंय. लय वंगाळ वाटतंय.’

कुणी दुसरं असतं तर पोराला वेड्यात काढलं असतं, किंवा पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईचा आणि तुझ्या दादाचा काय संबंध म्हणून समजावलं असतं. मास्तरांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील पहिल्या महायुद्धात बसऱ्याला कारकून म्हणून गेले होते आणि तिकडेच तापानं वारले. ते गेले थंडीत आणि घरी कळलं उन्हाळ्यात. मधे चैत्र येऊन गेला. आईनं दरवर्षीसारखी गौर बसवली, डाळ-पन्हं केलं, सगळ्या आळीला हळदीकुंकू लावलं. पुढे बातमी आल्यावर त्यातल्याच काही बायका कुजबुजायला लागल्या, की विधवेच्या हातचं कुंकू लागलं गं आपल्याला.

‘लोक म्हणाले, तो चैत्र खोटा,’ मास्तर म्हणाले. ‘मला विचाराल तर आईच्या जन्मातलं तेवढंच काय ते खरं. बातमी येईपर्यंत माणूस घरात असतो, भिवा. तुझा दादा आज घरात आहे.’

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला.

‘आन् पानपत?’ भिवानं विचारलं.

‘जासूद वाटेत आहे,’ मास्तर म्हणाले. ‘बघू, कुठे अडतो का.’

आणि जासूद जो अडला, तो अडलाच. हिशेबानं तो रथसप्तमीच्या आगेमागे यायचा. पण ग्वाल्हेरजवळ घोड्याचा नाल निखळला. नर्मदेवर नावाडी जेवायला गेला तो परतेना. बुऱ्हाणपूरला जासुदाला हिवताप भरला आणि एका बाईनं त्याला काढे पाजून आठवडाभर ठेवून घेतलं. मास्तर हे सगळं अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगत. वर्गातली हुशार मुलं कुरकुरू लागली, कारण वार्षिक परीक्षा जवळ आली होती आणि पानिपताच्या पुढची बरीच पानं तशीच होती. मला कारण ठाऊक होतं, पण मी तोंड उघडलं नाही. भिवा आता रोज आपणहून उठून मोडीच्या कित्त्यासारखं एकच वाक्य सांगायचा, कोन आलं न्हाई, आणि रोज जरा मोकळा दिसायचा.

अशात इन्स्पेक्टरसाहेब आले. शाळा तपासायला सरकारातून येणारा माणूस, त्यातून आमच्या जिल्ह्यात तेव्हा भूमिगतांची चळवळ ऐन भरात. बातम्या भाकरीच्या टोपल्यांतून फिरायच्या आणि सरकारी माणसाला वाऱ्यानं पान हललं तरी संशय यायचा. साहेब आमच्या वर्गात आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी पहिल्याच बाकावरच्या मॉनिटरला विचारलं, पानिपताच्या लढाईचा परिणाम काय झाला.

मॉनिटर हा फार आज्ञाधारक मुलगा. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, ‘साहेब, अजून बातमी आलेली नाही.’

साहेबांना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी दुसऱ्याला उठवलं. त्यानं जास्त माहिती दिली. जासूद बुऱ्हाणपूरहून निघाला आहे, नगरला घोडा बदलेल, आणि तो आला की मास्तर आधी त्याला पाणी देतील. साहेबांचा चेहरा पालटला. त्यांनी शिपायाला दार लावायला सांगितलं. कुठली बातमी, जासूद कोण, घोडा कुणाचा, हे असं किती दिवस चाललंय, त्यांनी एकामागून एक विचारलं, आणि आम्ही मुलांनीही खरी खरी उत्तरं देऊन मास्तरांना गोत्यात घालायचं बाकी ठेवलं नाही. हेडमास्तर घाम पुसत होते. त्यांनी कसंबसं समजावलं, की साहेब, ही यांची शिकवायची पद्धत आहे, पानिपताचंच चाललंय, दुसरं काही नाही.

‘मग शिकवा,’ साहेब मास्तरांना म्हणाले. ‘माझ्यासमोर, आत्ता. निकाल सांगा यांना. नाहीतर मला वरती निराळं लिहावं लागेल.’

मास्तर अजून नोकरीत कायम झालेले नव्हते. निराळं लिहिलं जाणं म्हणजे नोकरी जाणं, आणि त्या दिवसांत कदाचित पोलीस दारात येणं. हे त्यांना कळत होतं, आणि आम्हालाही. एका वाक्याचं काम होतं. मराठ्यांचा पराभव झाला, एवढंच म्हणायचं. मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर भिवाकडे गेली. मग छत्री भिंतीला टेकवून ठेवत अगदी हळू म्हणाले, ‘साहेब, जासूद अजून वाटेत आहे.’

माझ्या शेजारचं बाक करकरलं. भिवा उठला होता. तो आमच्यामधून बाहेर पडला, दारापर्यंत गेला, पाठ करून जरा वेळ थांबला आणि मग वळला.

‘म्या पानपतावरनं आलोय,’ तो म्हणाला. ‘आपली मानसं लय पडली. थंडीची, उपाशी, लांब परमुलखात. जी राह्यली ती चालत निगाल्यात. कोन कुटं हाय, ठावं न्हाई.’ त्यानं माझ्या शेजारच्या, आपल्याच रिकाम्या जागेकडे हात केला. ‘शिलेदाराचा धाकटा भाऊ हितं बसतो. त्येला सांगा, तुजा दादा म्या पडल्याला बगितला न्हाई.’

मास्तर तांब्याकडे गेले. फुलपात्रात पाणी ओतताना अर्धं टेबलावर सांडलं. भिवानं दोन्ही हातांनी ते घेतलं आणि पिऊन टाकलं, आणि तो प्यायला तोवर इन्स्पेक्टरसाहेबसुद्धा काही बोलले नाहीत. जाताना त्यांनी हेडमास्तरांना एवढंच सांगितलं, की इतिहासाचा अभ्यासक्रम फार मागे पडलाय, जरा पाय उचला म्हणावं. वरती निराळं काही लिहिलं गेलं नाही. मास्तरांनी मग परीक्षेपर्यंत जादा तास घेऊन आम्हाला असं पळवलं, की पुढचे पेशवे कोण कधी आले अन् गेले, मला अजून नीट सांगता येत नाही.

रंगपंचमी नुकतीच झाली होती. दुपारच्या तासाला दारात एक माणूस येऊन उभा राहिला. अंगात खाकी, एक हात गळ्यात बांधलेला. ‘भिवा कोन हाय हितं?’ त्यानं विचारलं. हा जासूद मास्तरांनी तयार केलेला नव्हता, हे कळायला आम्हाला वेळ लागला नाही.

मास्तरांनी त्याला बाकावर बसवलं आणि तांब्या दिला. माणूस लांबून आलेला, तहानलेला. तो पीतच राहिला. भिवा माझं मनगट धरून बसला होता. शेवटी त्या पलटणीतल्या शिपायानं मिशा पुसल्या आणि म्हणाला, ‘तुजा दादा जिता हाय, गड्या. पायाला लागलंय. तिकडंच इस्पितळात हाय. मी सुटीवर निगालो तवा म्हनला, आईला सांगावा धाड.’ तो पाटणकडचा होता, त्याची मोटार सुटायची वेळ झाली होती, आणि माणदेश त्याच्या वाटेवर नव्हता. सांगावा त्यानं मास्तरांच्या हवाली केला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मास्तर, भिवा आणि मी दहिवडीच्या मोटारीत बसलो. मला नेण्याचं कारण असं की भिवा मधेच हसत होता, मधेच रडत होता, आणि मास्तरांना दोन्ही एकट्यानं सांभाळणं जमेना. पेट्रोल लढाईवर गेलेलं, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. मास्तर टोपी सरळ करत ढकलत होते आणि आम्हाला जासुदाची रीत समजावत होते. आनंदाची बातमीसुद्धा माणसाच्या अंगावर टाकू नये. दारात जायचं, पाणी मागायचं, बसायचं. आपला चेहरा नीट ठेवायचा. मग सावकाश, पहिल्यापासून सांगायचं. भिवाला त्यांनी बजावलं, की तूही मधे बोलू नकोस, मी सांगीन.

दहिवडीपासून पुढे चालत. उन्हानं माळ पांढरा पडलेला. वाडी दिसायला लागली तसा भिवानं हात केला. पलीकडे एका बाभळीखाली थोडी मेंढरं होती आणि काठी घेऊन एक बाई उभी होती. भिवाची आई. तिनं आम्हाला पाहिलं.

तिनं काय पाहिलं, ते आमच्या लक्षात यायला जरा उशीर झाला. शाळेच्या दिवशी, भर दुपारी, आपला पोरगा मान खाली घालून येतोय. बरोबर टोपी-कोटातला कुणी परका शहरी माणूस. तिच्या हातातली काठी पडली. ती ओरडली नाही, पळत आली नाही. होती तिथंच, डोक्याला हात लावून खाली बसली.

मास्तर थबकले. त्यांच्या तोंडून ‘आई गं’ असं काहीतरी बाहेर पडलं. आणि मग तो माणूस, ज्यानं जन्मात कधी घाईनं पत्र फोडलं नाही, ज्यानं आपली गंजी जळू दिली पण आलेल्याला पाण्याआधी बोलू दिलं नाही, तो छत्री टाकून धावत सुटला. धोतर ढेकळांत अडकत होतं, टोपी मागे पडली, आणि ते धावता धावताच ओरडत होते. त्या बाईला चटकन कळावं म्हणून की काय, तिच्याच बोलीत ओरडत होते.

‘हाय! आवं, तुमचा ल्योक हाय! जिता हाय!’

आम्ही दोघं मागून पोहोचलो तेव्हा मास्तर तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले होते. त्यांना एवढी धाप लागली होती की पुढचा शब्द फुटेना. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग काही न विचारता उठली. बाभळीच्या बुंध्याशी मडकं होतं, त्यातलं पाणी तिनं गाडग्यात ओतलं आणि मास्तरांच्या हातात दिलं. ‘आमचं मास्तर हायती,’ भिवा म्हणाला.

‘आदी पानी प्या, मास्तर,’ ती म्हणाली. ‘आन् मग पुन्यांदा सांगा. पयल्यापासनं.’